सुमात्राजवळचं पाणी गार पडलं आणि पाऊस पश्चिमेला सरकला

२०१९ चा जून कोरडा गेला. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी पाऊस झाला. मराठवाड्यात उन्हाळ्यापासूनचे टँकर चालूच होते. प्रशांत महासागरात सौम्य का होईना, एल निनो होता, त्यामुळे यंदा दुष्काळच, असं म्हणणाऱ्यांकडे कारण तयार होतं. पुढे झालं भलतंच. ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूर बुडालं. सप्टेंबरमध्ये देशात सरासरीच्या दीडपट पाऊस पडला. मान्सूनने राजस्थानातून परतीची वाट धरली ती थेट ९ ऑक्टोबरला. इतक्या उशिरा माघार सुरू झाल्याची आधी नोंद नव्हती. हंगामाची बेरीज ११० टक्क्यांवर गेली.

त्याच महिन्यांत मुंबईपासून साडेतीन-चार हजार किलोमीटरवर, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या किनाऱ्याला समुद्र नेहमीपेक्षा बराच गार पडला होता. जावा-सुमात्रावरचे ढग विरळ झाले. ऑस्ट्रेलियात तिथल्या नोंदींमधलं सर्वांत कोरडं आणि सर्वांत उष्ण वर्ष गेलं, जंगलं महिनोन्‌महिने जळत राहिली. उलट केनिया-सोमालियात वर्षाच्या अखेरीला पुरांनी थैमान घातलं. या सगळ्याला जोडणारा धागा समुद्राच्या पाण्यातून जातो.

वारा पाण्याला ढकलतो आणि त्यातून समुद्रात प्रवाह तयार होतात, एवढं शाळेत शिकवतात. पाणी सरकलं की वाऱ्यालाही वाट बदलावी लागते, हे मात्र राहून जातं. मला हीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण आपल्या पावसाची कितीतरी कोडी तिथेच सुटतात.

वारा समुद्राचं का ऐकतो

आधी उष्णतेचा हिशोब पाहू. पृथ्वीभोवतीचं अख्खं वातावरण एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितकी समुद्राचा वरचा जेमतेम अडीच-तीन मीटरचा थर एक अंशाने तापवायला लागते. समुद्राची सरासरी खोली साडेतीन किलोमीटरहून जास्त आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे उष्णतेची तिजोरी कुणाकडे आहे ते कळतं. हवेतला फेरबदल काही दिवसांत विरून जातो. समुद्रात साठलेली उष्णता महिने, कधी वर्षं टिकते, आणि प्रवाहांबरोबर एका जागेहून दुसऱ्या जागी जाते.

ही उष्णता हवेत पोचते कशी? मुख्यतः वाफेच्या रूपाने. कोमट समुद्रावरून बाष्प उठतं, वर जाऊन थंड होतं, त्याचे थेंब बनतात. पाण्याची वाफ करताना खर्च झालेली उष्णता थेंब बनताना परत मिळते, आणि ती मिळते उंचावरच्या हवेला. तिचं प्रमाण डोळे विस्फारायला लावणारं आहे. एका चौरस किलोमीटरवर फक्त एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर वरच्या हवेत मोकळी झालेली उष्णता विजेच्या हिशोबात साधारण ७० लाख युनिट भरते. मग लाखो चौरस किलोमीटरवर आठवडाभर पाऊस पडत राहिला तर काय होत असेल! तिथली हवा तापून वर उठत राहते, खाली दाब कमी होतो, आणि तो भरून काढायला चहूकडून वारे धावतात. वर गेलेली हवा उंचावरून दूर पसरते आणि हजारो किलोमीटर पलीकडे खाली उतरते. जिथे उतरते तिथे ती दाबली जाते, तापते, कोरडी होते, ढग धरू देत नाही. म्हणजे एका जागचा मुसळधार पाऊस आणि दुसऱ्या जागची उघडीप या बऱ्याचदा एकाच चक्राच्या दोन बाजू असतात.

आता प्रश्न उरतो तो हवा कुठे वर उठणार याचा. इथे मूळच्या पुण्याच्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांचं नाव घ्यायलाच हवं. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की भारताभोवतीच्या समुद्रांवर मोठे, उंच ढग दाटायला पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसचा उंबरठा ओलांडावं लागतं. त्याखाली पाणी असेल तर असे ढग क्वचितच उभे राहतात. उंबरठ्यावर पाणी गेलं म्हणजे पाऊस नक्की, असंही नाही. वारे कुठे एकत्र येतात तेही जुळावं लागतं. पण उंबरठा आहे म्हटल्यावर एका अंशाची किंमत सगळीकडे सारखी राहत नाही. २४ चे २५ अंश झाले तर ढगांना विशेष फरक पडत नाही. साडेसत्तावीसचे साडेअठ्ठावीस झाले तर आकाशच बदलू शकतं.

म्हणून प्रवाहाने कोमट पाण्याचा थर थोडा इकडेतिकडे नेला, तरी हवा वर उठण्याची जागा सरकते, आणि तिच्याबरोबर खाली उतरण्याची जागाही.

प्रशांत महासागर, थोडक्यात

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण एल निनो. त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून गरजेपुरतंच सांगतो. प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत वारे बहुतेक काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि पृष्ठभागाचं कोमट पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. वाटीतल्या गरम दुधावर फुंकर घातली की साय पलीकडच्या काठाला जमते, तसंच हे होतं. तिथली समुद्रपातळीसुद्धा पेरूच्या बाजूपेक्षा अर्धा मीटरभर उंच असते. पेरूच्या किनाऱ्याला मग खालचं थंड पाणी वर येतं. इंडोनेशियावर हवा उठते, पूर्व प्रशांतावर उतरते, आणि खालून वारा पुन्हा पश्चिमेकडे येतो. या फेऱ्याला वॉकर अभिसरण म्हणतात.

हे वॉकर म्हणजे गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचे गणिती. १९०४ साली ते भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख झाले. १८७७ आणि १८९९ च्या भीषण दुष्काळांनंतर मान्सूनचा अंदाज आधी देता येईल का, हा प्रश्न सरकारपुढे होता. वॉकर यांनी जगभरच्या दाबाच्या नोंदी जुळवून पाहिल्या आणि प्रशांताच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोका शोधून काढला. तो का होतो, ते त्यांना सांगता आलं नाही, कारण समुद्राच्या नोंदी हाताशी नव्हत्या. ते कोडं १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी सोडवलं. वाऱ्याने पाणी लोटलं की तापमानातला फरक वाढतो, फरक वाढला की वारा आणखी जोर धरतो. आणि वारा ढिला पडला की हेच चक्र उलटं फिरतं: साचलेलं कोमट पाणी पूर्वेकडे परततं, फरक कमी होतो, वारा आणखी ढिला पडतो. तोच एल निनो. हवा वर उठण्याची जागा मध्य प्रशांताकडे सरकते आणि इंडोनेशियापासून भारतापर्यंतच्या पट्ट्यावर हवा खाली बसू लागते. आपला मान्सून दुबळा होण्याची भीती असते ती यामुळे.

भीती असते, हे शब्द मुद्दाम वापरतोय. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक होता, आणि त्या वर्षी भारतात १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा एल निनो त्याच्यापुढे किरकोळ होता, तरी त्या वर्षी जुलैमध्ये निम्माच पाऊस पडला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. नुसत्या प्रशांताकडे बघून आपला पाऊस कळत नाही. मधे आपला स्वतःचा महासागर आहे.

हिंद महासागराची गोष्ट वेगळी का

प्रशांत आणि अटलांटिक उत्तरेकडे मोकळे आहेत. हिंद महासागराला उत्तरेकडे आशिया खंड आडवा आहे. उन्हाळ्यात हा खंड तापतो, हिवाळ्यात गार होतो, आणि त्यामुळे इथले वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. वाऱ्यांबरोबर प्रवाहही उलटतात. पूर्वीचे दर्यावर्दी याच जाण्यायेण्यावर आफ्रिका आणि आपला किनारा यांच्यात व्यापार करत.

विषुववृत्तावर मात्र प्रशांतासारखे कायमचे पूर्वेचे वारे नाहीत. उलट एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दोन मोसमांच्या सांध्यावर, इथे पश्चिमेकडून जोरकस वारे वाहतात. त्यांच्यामुळे विषुववृत्ताला अगदी चिकटून पूर्वेकडे धावणारा एक अरुंद, वेगवान प्रवाह तयार होतो. समुद्रशास्त्रज्ञ क्लाउस विर्त्की यांनी १९७३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विर्त्की प्रवाह म्हणतात. सेकंदाला मीटरभर वेगाने हे पाणी आफ्रिकेकडून सुमात्राकडे जातं आणि तिथे साचतं. त्यामुळे सुमात्राजवळ कोमट पाण्याचा थर जाड असतो. शंभरेक मीटर खाली गेल्यावर मग थंडी सुरू होते. वर कोमट पाणी, त्यावर ढग, भरपूर पाऊस. नेहमीची व्यवस्था ही अशी.

काही वर्षी ती बिघडते. मे-जूनच्या सुमाराला सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यालगत आग्नेयेकडून येणारे वारे नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त जोराने वाहू लागतात. दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे पृष्ठभागाचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे ढकललं जातं. वारा किनाऱ्याला समांतर वायव्येकडे जातोय, म्हणजे पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे लोटलं जातं. रिकामी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. आधी एखाद्या अंशाचाच फरक पडतो. पण पाणी उंबरठ्याजवळचं असल्यामुळे तिथल्या ढगांना तेवढं पुरतं. सुमात्रावर हवा कमी उठते, दाब चढतो, आणि विषुववृत्तावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहू लागतो.

हा वारा विर्त्की प्रवाहाच्या तोंडावरच येतो. प्रवाह मंदावतो, कधी जवळजवळ थांबतो. सुमात्राला कोमट पाण्याचा पुरवठा तुटतो, थंड पाणी आणखी वर सरकतं, ढग आणखी विरतात, पूर्वेचा वारा आणखी बळावतो. पश्चिमेला, आफ्रिकेच्या बाजूला, न हललेलं कोमट पाणी साचत जातं. त्यात भर पडते ती समुद्राच्या पोटातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या मंद लाटांची. या लाटा पृष्ठभागावर दिसत नाहीत, पण कोमट थराची जाडी वाढवत जातात आणि त्यांना समुद्र ओलांडायला महिने लागतात. म्हणूनच सुमात्राजवळ जूनमध्ये सुरू झालेल्या गोष्टीचा सगळ्यात मोठा फटका केनियाला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बसतो.

सुमात्राकडे गार, आफ्रिकेकडे कोमट, या अवस्थेला हिंद महासागराचा धन द्विध्रुव म्हणतात. बातम्यांमध्ये 'आयओडी पॉझिटिव्ह' म्हणतात ते हेच. उलट अवस्था ती ऋण. या घटनेची रीतसर मांडणी १९९९ साली झाली, आणि ती करणाऱ्या चौघांपैकी तिघे भारतीय होते: साजी, विनयचंद्रन आणि पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे संचालक झालेले बी. एन. गोस्वामी. चौथे जपानचे यामागाता. हवेच्या बाजूने याच झोक्याचा माग काढून त्याचा आपल्या मान्सूनशी असलेला संबंध गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे उलगडून दाखवला.

आपल्याला याचा उपयोग दोन बाजूंनी होतो. सुमात्राच्या बाजूला समुद्रावर हवा खाली बसली की दाबाचा उतार तिथून आपल्या दिशेने होतो, विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाऱ्याला जोर मिळतो आणि मान्सूनच्या पट्ट्यावर हवा उठायला मदत होते. शिवाय पश्चिमेचा समुद्र कोमट असल्याने वारा जास्त बाष्प घेऊन येतो. १९९७ मध्ये एल निनो भारतावर हवा खाली दाबत होता आणि जबरदस्त धन द्विध्रुव तिला वर उचलत होता. दोघांची ओढाताण जवळजवळ बरोबरीत सुटली. २००२ मध्ये असा आधार मिळाला नाही. १९९४ मध्ये द्विध्रुव एकटाच जोरात होता आणि पाऊस ११० टक्क्यांच्या घरात गेला. १९६१ चं वर्ष तर दोन्ही किनाऱ्यांनी लक्षात ठेवलंय: भारतातला तो नोंदींमधल्या सर्वांत ओल्या मान्सूनपैकी एक, आणि आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची पातळी तेव्हापासून पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन मीटरहून अधिक चढली.

इंडोनेशियाला मात्र हाच धन द्विध्रुव जड जातो. १९९७ मध्ये तिथली जंगलं पेटली, धुराने शेजारचे देशही झाकोळले, आणि सुमात्राजवळच्या मेंटावाई बेटांभोवतीची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर मेली. आपल्याकडे 'अनुकूल' लिहिलं जातं तेव्हा हा शब्द कुणाच्या बाजूने आहे, याची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

हे चक्र वर्षभर का फिरत नाही? कारण डिसेंबरच्या सुमाराला मान्सूनचे वारे उलटतात. सुमात्राच्या किनाऱ्याचा आग्नेयेचा वारा पडतो, थंड पाण्याचा उपसा बंद होतो, आणि काही आठवड्यांत सगळा फरक पुसला जातो. एल निनो वर्षभर रेंगाळू शकतो. द्विध्रुवाला ऋतूचंच कुंपण आहे.

सोमालियाचा प्रवाह आणि सह्याद्रीचा पाऊस

आपल्या घाटमाथ्याच्या आणखी जवळचं एक उदाहरण आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. आफ्रिकेच्या शिंगाजवळ, सोमालियाच्या किनाऱ्याने वाहणारा प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि मान्सूनमध्ये उलटून उत्तरेकडे वाहू लागतो. जगातल्या सर्वांत वेगवान प्रवाहांमध्ये त्याची गणना होते. त्याच्या डोक्यावर, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना घासून, साधारण दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा एक जबर झोत अरबी समुद्रात शिरतो आणि थेट आपल्या किनाऱ्याकडे येतो. हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी तो ओळखला, म्हणून तो फिंडलेटर झोत. केरळपासून कोकणापर्यंतचा पाऊस याच्याच पाठीवर बसून येतो.

हा झोत उत्तर गोलार्धात वाहतो, म्हणून तिथलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, किनाऱ्यापासून दूर जातं. खालून थंड पाणी वर येतं. भर मान्सूनमध्ये, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही, सोमालियाच्या किनाऱ्याला पाणी काही ठिकाणी २० अंशांच्या आसपास उतरतं. खालचं पाणी खनिजांनी समृद्ध असल्याने मासळीला ते मानवतं. पावसाला मात्र त्याची झळ बसते, कारण थंड पाण्यावरून जाणारा वारा कमी बाष्प उचलतो. याचा अर्थ असा की मान्सूनचा वारा जितका जोरात, तितकं पाणी थंड, तितकी वाफ कमी: मान्सून स्वतःलाच थोडा लगाम घालतो. उलट ज्या वर्षी मान्सूनच्या सुरुवातीला वारा मंद असतो आणि थंड पाण्याचा उपसा कमी होतो, त्या वर्षी पश्चिम अरबी समुद्र कोमट राहतो आणि पुढे पश्चिम किनाऱ्याला जास्त बाष्प मिळतं, असं अभ्यासांमध्ये दिसून आलंय. प्रशांताच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या माणसांना हा शेजारचा प्रवाह ठाऊक असायला हवा.

पुन्हा अंदाजाकडे

एवढं सगळं सांगितल्यावर सांगलीचा महापूर द्विध्रुवाच्या नावावर टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करता येत नाही. समुद्राची स्थिती हंगामाचा कल ठरवते. अमुक आठवड्यात अमुक खोऱ्यात किती कोसळेल, ते बंगालच्या उपसागरातून सरकणारे कमी दाबाचे पट्टे ठरवतात, आणि पूर किती चढेल त्यात धरणं आणि नदीपात्रंही येतात. मात्र २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडच्या कोमट पाण्याचा हात स्पष्ट दिसला. अरबी समुद्रात 'क्यार' हे महाचक्रीवादळ झालं, ते शमायच्या आत 'महा' उभं राहिलं, आणि त्या अवकाळी पावसात नाशिकची द्राक्षं आणि कापणीला आलेलं सोयाबीन सडलं.

द्विध्रुवाचा आधार दर वेळी पुरतो असंही नाही. २०२३ मध्ये एल निनो आणि धन द्विध्रुव दोन्ही होते. द्विध्रुव उशिरा जोर धरू लागला, आणि मधल्या मध्ये १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट आपल्या वाट्याला आला. हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला. वेळ चुकली की बळ असून भागत नाही.

शिवाय पट बदलतोय. पुण्याच्या संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पश्चिम हिंद महासागर मान्सूनच्या महिन्यांत शतकभरात १.२ अंशांपर्यंत तापला. पूर्वी जिथे पाणी उंबरठ्याच्या खाली असायचं, तिथे ते आता वर असतं. त्यामुळे जुन्या वर्षांवरून बांधलेले आडाखे जसेच्या तसे लागू पडतील असं धरून चालता येत नाही.

नोंदींच्या बाबतीत मात्र आपण वॉकर यांच्यापेक्षा खूप पुढे आहोत. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो तरंगक सोडलेले आहेत. प्रत्येक तरंगक साधारण १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतो आणि उपग्रहाला आकडे कळवतो. भारताच्या वाट्याचे तरंगक हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था सांभाळते. कोमट थर कुठे जाड होतोय, कुठे पातळ, हे पृष्ठभागावर दिसण्याआधी त्यातून कळू शकतं.

तरीही एप्रिलमधला अंदाज कच्चाच असतो, आणि त्याचं कारण वर येऊन गेलं आहे. त्या वेळी प्रशांतातला झोका कोणत्या बाजूला कलणार ते ठरलेलं नसतं, आणि सुमात्राचा आग्नेयेचा वारा तर अजून सुरूच व्हायचा असतो. हवामान विभाग एप्रिलमध्ये पहिला अंदाज देऊन मेच्या अखेरीला तो सुधारतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा वेगळा अंदाज जुलै संपताना देतो, ते याचसाठी. त्यामुळे एप्रिलमध्ये 'एल निनोचं सावट' असा मथळा दिसला तर पेरणीचा विचार करणाऱ्याने जूनअखेर आणखी एक आकडा शोधावा: सुमात्राजवळच्या समुद्राचं तापमान सरासरीपेक्षा किती खाली आहे.